मिस्त्रींच्या गाडीतली डबी

मी एक जुना, बटणांचा जीपीएस आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या फोनमध्ये रस्ता दाखवणारा नकाशा असतो ना, त्याचा मी थोरला भाऊ. फोनसारखा मी चपटा नाही आणि देखणा तर नाहीच. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, कडेने रबर, पाठीत दोन सेल आणि समोर काड्यापेटीएवढा पडदा. सध्या मी एका स्वयंपाकघराच्या खणात राहतो. शेजारी सुतळीचा गुंडा आहे, मेणबत्त्यांचे तुकडे आहेत आणि एक गंजलेला पाना आहे. पाना काही बोलत नाही. म्हणून म्हटले, तुमच्याशी बोलावे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या मुली एका रांगेत बसायच्या आणि माझ्यासारख्यांची पोटे भरून झाकणे लावायच्या. झाकण लागले की परीक्षा. मला पाण्यात बुडवले, तापलेल्या पेटीत ठेवले, बर्फासारख्या पेटीत ठेवले आणि शेवटी उंचावरून फरशीवर टाकले. मी चालूच राहिलो. माझ्या शेजारचा एक भाऊ बंद पडला, त्याला टोपलीत टाकले. मला मात्र पाठीवर शिक्का मिळाला.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला वाट माहीत नसते. आकाशात फार उंचावर उपग्रह फिरत असतात आणि ते सारखे आपली वेळ सांगत असतात. मी ते ऐकतो आणि त्यावरून मी कुठे आहे ते काढतो. मी फक्त ऐकतो. उलट कोणाला काही कळवणे माझ्या जातीच्या यंत्राला जमत नाही. मोठी माणसेसुद्धा ही गोष्ट विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

दुकानातल्या काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. मग एके दिवशी मिस्त्री आणि वहिनी आले.

मिस्त्री म्हणजे पंप दुरुस्त करणारे. गावाच्या पलीकडे जे उजाड माळरान पसरले आहे, तिथे मेंढपाळ आणि गुराखी लांब लांब राहतात. त्यांच्या जनावरांसाठी विहिरी आहेत, विहिरींवर पंप आहेत आणि पंप म्हटले की तो बिघडतोच. तिथे रस्ता नाही, फोन लागत नाही, वाटेत विचारायला माणूस भेटत नाही. मिस्त्री आपले अंदाजाने जात आणि अंदाजाने परत येत. त्याआधी एकदा ते असेच वाट चुकले आणि दुसऱ्या दिवशी डिझेल संपत आलेल्या गाडीतून घरी पोचले. वहिनी फाटकात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकले की यापुढे एक तर यंत्र बरोबर जाईल, नाहीतर मी. शेवटी वहिनी आणि मी, दोघेही गेलो.

मिस्त्रींच्या बायकोला सगळे कारागीर वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

दुकानदाराने आधी एक मोठ्या पडद्याचे, बोट फिरवून चालवायचे यंत्र काढले. झगझगीत रंग, बोलका आवाज. मिस्त्रींना ते लगेच आवडले. वहिनींनी पिशवीतून मिस्त्रींचे कामाचे, ग्रीस लागलेले हातमोजे काढले, हातात घातले आणि त्या पडद्यावर बोट फिरवले. काहीच हलले नाही. मग त्या ते यंत्र घेऊन सरळ रस्त्यावर गेल्या. दुकानदार घाईघाईने मागे धावला. उन्हात त्या पडद्यावर वहिनींना फक्त स्वतःचा चेहरा दिसला. आत येऊन त्या म्हणाल्या की आरसा घरी आहे.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. टॉवर नसला तर नकाशा दिसतो का? की नकाशा आधीच पोटात भरून न्यायचा? कच्च्या वाटा असतात का त्यात, की नुसते डांबरी रस्ते? चार्ज संपला तर रानात कुठे लावायचे? दुकानदार हळूहळू मोठ्या यंत्रांकडून लहान यंत्रांकडे सरकत गेला आणि शेवटी त्याने मला बाहेर काढले. बटणे होती, ती हातमोज्यांनी दाबली गेली. पडदा उन्हात जास्तच स्वच्छ दिसला. सेल भिंतीवरच्या घड्याळात घालतात तेच, कुठल्याही टपरीवर मिळणारे.

"पडला तर?" वहिनींनी विचारले.

दुकानदार म्हणाला, काही होत नाही.

"मग पाडा."

दुकानदार मिस्त्रींकडे बघायला लागला. मिस्त्री छताकडे बघायला लागले. शेवटी वहिनींनीच मला हातातून सोडून दिले. मी फरशीवर आपटलो, एक उडी मारली आणि पडदा तसाच चालू. मित्रांनो, त्या क्षणी मला आपल्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

कपाटात आणखी एक यंत्र होते. त्याला एक लाल बटण होते. ते दाबले की आपण कुठे आहोत ते घरी कळायचे. दुकानदाराने तेही दाखवले. मिस्त्रींनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. वहिनी म्हणाल्या, "कळवायचं कुणाला? ज्याला कळवायचं तो माझ्या शेजारीच बसलेला असणार." मिस्त्री हसले आणि ते यंत्र परत कपाटात गेले. चांगला विचार करूनच त्यांनी मला निवडले. मी आजही म्हणेन की त्या दिवशी त्यांची निवड चुकली नव्हती.

तेव्हापासून माझी कामाची वर्षे सुरू झाली.

मला स्वतःचा आवाज नव्हता. वहिनीच माझा आवाज झाल्या. मिस्त्री गाडी चालवत, वहिनी मला मांडीवर घेऊन शेजारी बसत आणि माझ्या पडद्यावरचा बाण वाचून सांगत. "डावीकडे घ्या." "आता सरळ." "अहो, सरळ म्हणजे सरळ, खड्डा बघून नाही." त्या मला डबी म्हणायच्या. डबी काय म्हणते बघा, डबीला भूक लागली, डबीचे सेल बदला. मिस्त्री विचारायचे की हे डबी म्हणते आहे की तू. वहिनी म्हणायच्या, दोघींचं एकच म्हणणं आहे.

ऊन फार झाले की त्या डोक्याचा रुमाल सोडून माझ्यावर सावली धरायच्या. पडदा नीट दिसावा म्हणून. मिस्त्री म्हणायचे, कधी माझ्यावर धर. वहिनी म्हणायच्या, तुम्ही कुठे रस्ता दाखवता?

गाडी थांबली की वहिनी पहिल्यांदा माझे एक बटण दाबून गाडीच्या जागेची माझ्यात खूण करून ठेवायच्या. मग दार उघडायच्या. प्रत्येक विहिरीचीही खूण त्यांनी केली होती आणि नावे दिली होती. एकीचे नाव खारट. एकीचे दोन कुत्री. एका विहिरीवरचा म्हातारा बोलायला लागला की थांबत नसे, तिचे नाव त्यांनी पटकन निघा असे ठेवले होते. नाव लांब झाले म्हणून माझ्यात पटकन एवढेच बसले. त्या म्हाताऱ्याने एकदा पडद्यावर ते वाचले आणि विचारले की हे काय. वहिनी म्हणाल्या की इथे पाणी पटकन लागते. म्हातारा खूश झाला. पुढे गाडीत मिस्त्रींना हसू आवरेना. त्यांना गाडी थांबवावी लागली.

अवघड जागा आली, म्हणजे कोरड्या ओढ्याचे पात्र किंवा भुसभुशीत वाळू, की वहिनी मला घेऊन खाली उतरायच्या, पुढे चालत जाऊन जमीन बघायच्या आणि मग हाताने खूण करायच्या. गाडी फसली तर दिवस जातो. म्हणून पुढे चालणे हे त्यांचे काम आणि मागे थांबणे हे मिस्त्रींचे.

पहिल्याच वर्षी असे झाले की त्या पुढे गेल्या आणि धुळीचे वादळ उठले. हात लांब केला तर बोटे दिसेनात. माझ्यात गाडीची खूण होती. वहिनी बाणाकडे बघत बघत गाडीपाशी आल्या, तर गाडीत मिस्त्री नाहीत. ते वहिनींना शोधायला निघून गेले होते. धूळ बसेपर्यंत वहिनी बोनेटला हात लावून उभ्या राहिल्या. मिस्त्री आले ते नुसते नशिबाने आले, कोपरे सोलवटून. तेव्हा वहिनी फार रागावल्या. मग त्यांनी नियम केला. ज्याच्या हातात डबी, त्याने गाडीकडे यायचे. ज्याच्या हातात डबी नाही, त्याने गाडी सोडायची नाही. काही झाले तरी सोडायची नाही.

हा नियम चांगला होता, मित्रांनो. पुढच्या वर्षांत तो कितीतरी वेळा उपयोगी पडला. मिस्त्री गाडीच्या पायरीवर बसून राहायचे, मधून मधून हॉर्न वाजवायचे आणि थोड्या वेळाने धुळीतून वहिनी यायच्या. बसला होतात का, असे विचारायच्या. मिस्त्री म्हणायचे, बसलो होतो.

अशी वर्षे गेली. त्यांच्या लेकीचे लग्न झाले, ती दुसऱ्या गावी गेली. मिस्त्रींचे केस पांढरे झाले. माझे रबर एका कोपऱ्यात सुटले, ते वहिनींनी गोंदाने चिकटवले.

मग एक दिवस एका फाट्यावर माझा बाण उजवीकडे होता आणि वहिनी म्हणाल्या, डावीकडे घ्या.

मला वाटले, चुकून झाले. मिस्त्रींनाही तसेच वाटले असणार. त्यांनी वहिनींकडे एकदा पाहिले आणि गाडी उजवीकडे घेतली. वहिनींच्या लक्षात आले नाही. पण पुढे ते वाढत गेले. त्या माझी बटणे विसरू लागल्या. बोटे कधी कधी आपोआप बरोबर जायची, डोके जायचे नाही. घरी साखरेच्या डब्यात मीठ जाऊ लागले. चुलतभावाला त्यांनी शेजारी म्हणून हाक मारली. मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा विसरण्याचा आजार आहे. तो बरा होत नाही, फक्त हळू किंवा लवकर वाढतो.

एकदा मिस्त्रींनी त्यांची चूक दाखवली. अगं, बाण उजवीकडे आहे. वहिनींनी पडद्याकडे पाहिले, मिस्त्रींकडे पाहिले आणि मला मांडीवरून उचलून दोघांच्या मधे ठेवून दिले. मग घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच रिकामे पडले होते.

त्यानंतर मिस्त्रींनी त्यांची चूक कधी दाखवली नाही. वहिनी डावीकडे म्हणाल्या की ते गाडी डावीकडे घ्यायचे. बाण उजवीकडे असला तरी. चुकीच्या वाटेने बरेच पुढे जायचे, मग हळूच वळसा घालून योग्य वाटेला लागायचे. विहिरीवर पोचायला उशीर व्हायचा. गाडीत ते जास्तीचे डिझेल ठेवू लागले, जास्तीचे पाणी ठेवू लागले. माळरानावरचे लोक हसायचे. मिस्त्रींना एवढ्या वर्षांनी वाट सापडत नाही, म्हणायचे. मिस्त्री म्हणायचे, हो, वय झालं.

लेकीला हे पसंत नव्हते. तिने आईला आपल्याकडे नेऊन ठेवले. तिचे घर चांगले होते, माणसे चांगली होती. पण वहिनी सकाळी उठल्या की अंगणात उभ्या असलेल्या जावयाच्या गाडीत जाऊन बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत उतरायला तयार नसायच्या. जेवण गाडीत न्यावे लागायचे. त्या मांडीवर काहीतरी चाचपायच्या. मिस्त्री त्यांना घ्यायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले होते. मला हातात घेतले आणि वहिनींनी लगेच विचारले, सेल बदललेत का?

लेक म्हणाली, "बाबा, एक दिवस काहीतरी होईल."

मिस्त्री म्हणाले, "कोंडून ठेवली तर रोजच होईल."

दोघांचेही खरे होते. मला ते तेव्हाच कळत होते आणि मला काही करता येत नव्हते. मिस्त्रींना एवढेच हवे होते की वहिनींनी शेवटपर्यंत त्या जागेवर, त्यांच्या शेजारी, माझ्यासकट बसावे. त्या जागेवर त्या पूर्वीच्या वहिनी असायच्या. रागावायच्या, हसायच्या, रस्ता सांगायच्या. चुकीचा का होईना.

आता तो दिवस सांगतो.

उन्हाळा होता. एका लांबच्या विहिरीवरचा पंप बंद पडला होता आणि मेंढ्या पाण्यावाचून होत्या, असा निरोप आला. मेंढपाळ कळप घेऊन दुसऱ्या पाण्याकडे गेला होता, त्यामुळे विहिरीवर कोणी नव्हते. मिस्त्रींनी गाडी विहिरीजवळच्या एकुलत्या एका झाडाखाली लावली. वहिनींच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवली, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि सांगितले की इथेच थांब. वहिनी म्हणाल्या की मी कुठे जाते आहे. मग पंपाशेजारच्या खड्ड्यात उतरून ते काम करू लागले. मधून मधून हाक मारायचे, वहिनी ओ द्यायच्या.

पाइप अडकला होता. पान्याला दाद देईना. मिस्त्रींचे सगळे लक्ष त्यात गुंतले आणि त्याच वेळी वारा सुटला.

वहिनी काही वेळ समोर बघत बसल्या. समोर थोड्या अंतरावर मातीचा एक लांब बांध होता, पुरुषभर उंचीचा. त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हते. त्यांनी माझे बटण दाबले. गाडीची खूण झाली. बोटांना ते पाठ होते. मग त्या दार उघडून खाली उतरल्या आणि पुढची जमीन बघायला निघाल्या. आयुष्यभर केलेलेच काम ते. बाटली जागेवरच राहिली.

आम्ही बांध ओलांडून पलीकडे उतरलो. वारा समोरून होता, धूळ उडत होती, पाऊल उचलले की मागचा ठसा पुसला जात होता. थोडे तिरपे पुढे जाऊन वहिनींनी पायाने जमीन दाबून पाहिली. ठीक आहे, असे म्हणाल्या आणि हाताने खूण करायला मागे वळल्या. मागे बांध होता. गाडी दिसत नव्हती.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी मला समोर धरले आणि बरोबर बटणे दाबली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी बरोबर बटणे दाबली होती. पडद्यावर गाडीची खूण आली आणि बाण आला. बाण डावीकडे होता.

"डावीकडे घ्या," वहिनी म्हणाल्या.

अगदी बरोबर वाचले होते. त्या डावीकडे चालायला लागल्या असत्या तर बांधाच्या टोकाला वळसा घालून गाडीपाशी आल्या असत्या. पण वहिनींना चालायचे कुठे होते? त्या बसून सांगायच्या आणि गाडी वळायची, एवढेच आता त्यांना आठवत होते. त्या बांधाला पाठ टेकून खाली बसल्या, जशा गाडीत बसायच्या तशा, मला मांडीवर घेतले आणि वाट पाहू लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, डावीकडे घ्या. मग जरा मोठ्याने. मग म्हणाल्या, अहो, कुठे लक्ष आहे?

मित्रांनो, मला तेव्हा सगळे माहीत होते. आम्ही कुठे आहोत ते माहीत होते. गाडी कुठे आहे, किती जवळ आहे, ते माहीत होते. आकाश स्वच्छ होते, उपग्रह स्पष्ट ऐकू येत होते. पण मी फक्त ऐकणारा. मी बाण धरून ठेवला. बाण मिस्त्रींकडेच होता.

ऊन वर आले. बांधाची सावली आमच्यावर नव्हती, पलीकडे होती. वहिनींनी डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्यावर धरला.

तिकडे काय झाले ते मला नंतर कळले. मिस्त्रींनी लेकीला सांगितले तेव्हा मी टेबलावरच होतो. ते खड्ड्यातून वर आले तेव्हा गाडीचे दार उघडे होते आणि जागा रिकामी होती. त्यांचा जीव उडाला. मग त्यांनी पाहिले की मीही नाही. आणि त्यांना बरे वाटले. डबी तिच्याकडे आहे, म्हणजे ती येईल. ज्याच्या हातात डबी, त्याने यायचे. दुसऱ्याने गाडी सोडायची नाही. मागे एकदा सोडली होती, तेव्हा काय झाले ते त्यांना आठवत होते. म्हणून ते पायरीवर बसले. हॉर्न वाजवला. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, हॉर्न आमच्यापर्यंत आला नाही. वहिनींचा आवाज बांधाने अडवला.

अशी ती दोघे एकमेकांची वाट पाहत बसली. बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोघेही आपापल्या ठरलेल्या जागी.

पुष्कळ वेळाने मिस्त्रींच्या लक्षात आले की नियम त्यांना आठवतो आहे, वहिनींना आठवत असेलच असे नाही. मग मात्र ते उठले. त्यांना वाटले, ती घराच्या दिशेने गेली असणार. गाडी त्या बाजूला लांबवर पळवली. कोणी नव्हते. मागे आले, दुसरीकडे गेले. मग तिसरीकडे. दुपार कलल्यावर गाडी बांधाला वळसा घालून आमच्याकडे आली.

वहिनींचा चेहरा लाल होऊन कोरडा पडला होता. घाम येणेही थांबले होते. मिस्त्रींनी त्यांना उचलून सावलीत घेतले, पाणी पाजले, अंगावर ओतले. बरेच ओघळून गेले. वहिनींनी डोळे उघडले. त्यांनी मिस्त्रींना ओळखले. ते मी स्वतः पाहिले.

"किती वेळची सांगतेय," त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं नाही गं."

"डावीकडे म्हटलं ना."

"घेतली डावीकडे. घेतली. चल आता."

त्यांना शेजारच्या जागेवर बसवून, गाडीतल्या दुपट्ट्याने सीटच्या पाठीला बांधून, मिस्त्रींनी गाडी दवाखान्याकडे काढली. वहिनींनी मला सोडले नव्हते. ती वाट मिस्त्रींना तोंडपाठ होती. तरी प्रत्येक फाट्यावर ते विचारत होते. आता कुठे घेऊ गं? इथून सरळ ना? एकदा वहिनींनी मान हलवली. पुढच्या फाट्यावर काही नाही. त्याच्या पुढच्या फाट्याआधी त्यांचा हात सैल पडला आणि मी घसरून पायांपाशी गेलो. मिस्त्रींनी गाडी थांबवली नाही. डांबरी रस्ता लागेपर्यंत ते विचारतच होते.

वहिनी गेल्यावर मिस्त्रींनी माळरानावरचे काम सोडले. आता ते घराजवळच्याच एका गॅरेजमध्ये बसून पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळतात. मला त्यांनी या खणात ठेवले आणि खण लावून टाकला. माझ्या पोटातले सेल काढायचे राहून गेले. सेल तसेच राहिले की कुजतात आणि त्यांची पांढरी भुकटी आतल्या पट्ट्या खाते. तसे झाले. मला वाटले, बरेच झाले.

मागच्या महिन्यात लेक आली होती. स्वयंपाकघर आवरताना मी तिच्या हाती लागलो. तिने कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून माझ्या पट्ट्या पुसल्या, नवे सेल घातले. मी चालू झालो. आमच्या जातीची यंत्रे चाललेल्या वाटेची ओळ काढून ठेवतात. त्या दिवसाची ओळ माझ्यात होती. लेकीने ती उघडली. पडद्यावर गाडीची खूण होती आणि वहिनी बसल्या होत्या ती जागा होती. पडदा लहान आहे, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटूनच दिसत होत्या. तिने नकाशा मोठा केला, अजून मोठा केला, तेव्हा कुठे त्या वेगळ्या झाल्या.

मिस्त्री दारात उभे होते.

"बाबा, इतकं जवळ?" ती म्हणाली.

"हो," मिस्त्री म्हणाले. "वारा होता."

तिने त्यांना खुर्चीवर बसवले आणि स्वतः शेजारी बसली. मला बंद केले, सेल काढून ठेवले. ओळ पुसली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या घरात असेल आणि वापरात नसेल, तर त्याचे सेल काढून ठेवा. एवढे केले तरी आम्ही पुष्कळ जगतो. माळरानावर जाणार असाल तर विचार करून यंत्र निवडा. हातमोजे घालून बटणे दाबून बघा, उन्हात नेऊन बघा. आणि त्याला काय येत नाही, हेही दुकानदाराला विचारा.

पण माझे खरे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात कोणी विसरू लागले असेल, तर त्यांच्याबरोबर ठरलेल्या जुन्या गोष्टी एकदा आठवून बघा. शाळा सुटल्यावर कोणी कुठे उभे राहायचे, बाजारात चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, किल्ली कोणाकडे. दोघांनी ठरवलेले दोघांना आठवते तोवरच चालते. आजी ठरलेल्या जागी येत नसेल, आजोबांना उशीर झाला असेल, तर ते येतीलच असे म्हणून थांबू नका. हातातले काम टाका. पंप उद्याही दुरुस्त होतो. ते अगदी जवळ, एखाद्या बांधामागे बसून तुम्हालाच हाक मारत असतील आणि ती हाक तुम्हाला ऐकू येत नसेल. तरी उठा आणि जा. मला उठता येत नव्हते. तुम्हाला येते.